आक्काचा गुडघा

गुरुवारी नऊला आमच्या खणभागात
भडंगाच्या पिशव्यांना सील मारायचं थांबतं.
मशीन गरम राहतं, लाल दिवा तेवढा पेटलेला,
आणि टीव्हीवर सुरू होतं 'बंगल्याच्या आत'.
मोठ्या लोकांची घरं, पुठ्ठ्याची.
मोठ्या लोकांची दुःखं, तीही तशीच.

त्यात मृणालिका करतो तो आपला सुकुमार,
मगदुमांचा, भिलवडीकडचा.
आमच्या माडीवर राहून बीकॉमला तीनदा बसला
आणि तिन्ही वेळा तसाच उठला.
आता सोनेरी विग, पाठ उघडी टाकणारी साडी,
काखेत कापसाचं कुत्रं.
कुत्र्याचं बारसं आहे. पाहुणे आलेत.
केटररचा एक चमचा कमी भरतोय
आणि नऊ कोटींची नटी
पदर खोचून त्याला म्हणते,
"हे बघ भावा, मी काय म्हणते,
चमचा गेला तर जाऊ दे,
पण माझी मोजणी चुकत नाही."

सगळा महाराष्ट्र हसतो.
आमच्या घरात पटकन कुणी हसत नाही,
आधी आक्काकडं बघतात.

राजमती आक्का. वय अडुसष्ट.
लसूण सोडून तिला वीस वर्षं झाली,
धंद्यात मात्र किलोनं घालते
आणि चव न घेता, नुसत्या वासावर सांगते
की आज तळण करपलं.
डावा गुडघा महापुरातला.
तेलाचे डबे माडीवर चढवताना
सातव्या पायरीला आत जे काही तुटलं
ते पाण्यासोबत उतरलं नाही.
तेव्हापासून ती एक पाऊल टाकते,
दुसरं कुणाकडनं तरी उसनं आणते.

तेच चालणं सुकुमारनं
उंच टाचेच्या चपलेत बसवलंय.

"गुडघा माझा हाय," आक्का म्हणते.
"ती बाई कशाला चालंल अशी? तिला लिफ्ट हाय."

मग पेपरात आलं
की खऱ्या मृणालिकानं तो भाग पाहिला,
पोट धरधरून हसली,
"पोरानं माझी नस पकडली" म्हणाली
आणि त्याला घड्याळ दिलं, परदेशी. फोटोसकट.
आक्कानं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.
दुपारी त्याच पानावर शेंगदाणे निवडले.
खवट तेवढे घड्याळावर ठेवले.

रविवारी त्याचा फोन.
"आक्का, रागावलीस काय?"
"रागवू कशाला? तुझं भाडं बाकी हाय,
सात महिन्यांचं.
त्यात गुडघा धर."

दिवाळीनंतर मृणालिकाचा नवा सिनेमा लागला.
मीच नेलं आक्काला, दुपारच्या खेळाला.
मध्यंतराच्या जरा आधी
कोर्टाच्या पायऱ्या, मागं व्हायोलिन,
मेलेल्या लेकाची फाईल छातीशी धरून
मृणालिका चढू लागली.
एक पाऊल टाकलं.
दुसरं उसनं आणलं.

कुणी हसलं नाही.
पुढच्या रांगेत एका बाईनं नाक ओढलं.
अंधारात मी आक्काचा हात शोधला,
तो पॉपकॉर्नच्या पुड्यात होता.
"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

सुटल्यावर बघतो तर लिफ्ट बंद.
कठडा धरून ती जिना उतरू लागली,
मी एक पायरी पुढं, पडली तर झेलायला.
खाली कॉलेजची दोन पोरं.
"ए बघ बघ, आजी मृणालिका करायलीय!
सेम! काय घेतलंय राव!"
माझ्या तोंडात शिवी आली होती.

आक्का थांबली.
पोरांकडं बघितलं.
त्यांच्या मोबाईलकडं बघितलं.
मग वळली,
दोन पायऱ्या परत वर गेली,
पदर खोचला
आणि म्हणाली, "आता काढ.
मघाशी उजेड नव्हता."